हाकेपुरतं नाव

रविवार, २ फेब्रुवारी २०२५

बियाणाच्या दुकानदारानं नव्या वर्षाची डायरी दिल्ती, ती म्हैनाभर टीव्हीखाली पडून होती. आज लिहायला घेतली. घरात काहीतरी शिजून राह्यलंय, आणि उद्या भलतंच काही झालं तर कोणी म्हणू नये की मच्छिंद्रला पत्ताच नव्हता. एसटीत तेहेतीस वर्सं काढली, त्यातली सतरा तिकिटं तपासण्यात. गाडीत पाय ठेवला की तिसऱ्या बाकावरचा गडी खिडकीबाहेर का बघायलाय हे मला बराबर कळायचं. आता घरातलंच माणूस खिडकीबाहेर बघायलंय.

तर नोंद अशी. उमा, म्हणजे आमची मंडळी, गेले तीन रविवार साडेदहाला साडी बदलून बाहेर जाती आणि दीडला येती. विचारलं तर म्हणती, ज्योत्स्ना सिस्टरकडं, बीपी तपासायला. तीन तासांत तर अख्ख्या अंबडचं बीपी तपासून होईल.

ज्योत्स्ना सिस्टर म्हणजे सरकारी दवाखान्यातून रिटायर झालेल्या नर्सबाई. ख्रिश्चन हायेत, जालन्याच्या जुन्या घराण्यातल्या. मिस्टर वारले, आता कोर्टामागच्या गल्लीत एकट्या राहत्यात आणि रविवारी घरीच प्रार्थना घेत्यात. बाई सरळ, हे मी नाकारत न्हाई. माझी आई होती तवा तिच्या पायाची पट्टी बदलायला रोज घरी यायच्या, चहाबी घ्यायच्या न्हाईत. पण पास नेहमी सरळ दिसणाऱ्या माणसाचाच जुना निघतो, हा माझा अनुभव हाय.

दुसरी नोंद शेताची. गावाबाहेर आपलं दीड एकर हाय, मोसंबीची बाग होती ती वाळून गेली. हरिओम शेठला तिथं गोदाम बांधायचंय. बोलणं पक्कं झालंय. निखिल पुण्याहून रोज फोन करतो, पप्पा विकून टाका आणि इकडं या. शेत माझ्या आणि उमाच्या दोघांच्या नावावर हाय, म्हणून सही दोघांची पाहिजे. दिवाळीत ती हो म्हणली. संक्रांतीला हो म्हणली. आता म्हणती, थांबा थोडं. कशासाठी थांबू, तर सांगत न्हाई.

तिकडं प्रार्थना सुरू झाली आणि इकडं सही थांबली. दोन्ही एकाच वक्ताला. मी काही दूधखुळा न्हाई.

शुक्रवार, ७ फेब्रुवारी

बाजारात भुजंगा भेटला. आपल्या शेताच्या शेजारचा. वय ऐंशीच्या वर, एका कानानं ऐकू येत न्हाई, दुसऱ्यानं सोयीपुरतं येतं. म्हणला, वहिनी शेतात आल्त्या दोनदा. एकट्याच. हातात काठी होती. बांधाबांधानं पावलं टाकत हिंडत होत्या, मधीच थांबून काठीनं माती टोकरत होत्या. याला काहीतरी इचारलं, पण याला नीट ऐकू आलं न्हाई. लिंबाच्या झाडाबद्दल असंल म्हणला. मंग यानं त्या झाडाकडं हात केला आणि त्या तिथं बराच वेळ बसून राह्यल्या.

पावलं मोजणे, माती टोकरणे. माणूस जागा कवा मोजतो? काही बांधायचं असलं की. मला आता चित्र स्पष्ट दिसायलंय. शेत हरिओम शेठला जाणार न्हाई, तिथं चर्च होणार, आणि मला उद्घाटनाची पत्रिका येणार.

रात्री जेवताना सहज म्हणलं, शेताकडं जाऊन यायला पाहिजे एकदा. उमाचा हात ताटात थांबला. म्हणली, "तुमी कशाला? तुमी तर कवाच जात न्हाई तिकडं."

हे खरं हाय. मी जात न्हाई. बटईनं दिलेलं शेत, बटईवाला बघतो. त्यात एवढं काय?

रविवार, ९ फेब्रुवारी

आज स्वतः तपासणीला गेलो. उमा निघाली की दहा मिनिटांनी मी निघालो आणि सरळ ज्योत्स्ना सिस्टरच्या दारात. वाटलं दचकतील. बाई म्हणल्या, "या मच्छिंद्रराव, खुर्ची घ्या." उमा मात्र दचकली.

आठ बाया, दोन म्हातारे, एक पेटी. गाणी आपल्या भजनासारखीच, फक्त नाव दुसरं. मंग सिस्टर बोलायला लागल्या. विषय होता शेवटचा दिवस. म्हणजे जगाचा. मी कान देऊन ऐकलं आणि ध्यानात ठेवलं, ते लिहितो.

एक दिवस कर्णा वाजणार. ख्रिस्त परत येणार. जे मेले ते उठणार, जमिनीतले जमिनीतून, आणि समुद्रात बुडालेले असतील त्यांना समुद्र परत देणार. लहानमोठे सगळे एका सिंहासनापुढं उभे राहणार. पुस्तकं उघडणार, त्यात प्रत्येकानं केलेलं लिहिलेलं. आणि एक पुस्तक वेगळं, जीवनाचं. त्यात ज्याचं नाव हाय तो आत, न्हाई तो बाहेर. त्याच्यापुढं नवं आकाश आणि नवी पृथ्वी, तिथं मरण न्हाई, रडणं न्हाई.

म्हणजे शेवटच्या स्टॉपवर तपासणी. मला ते पटलं, खोटं कशाला बोलू. कुठंतरी एकदा सगळ्यांची तपासणी व्हायलाच पाहिजे. मी विचारलं, कोणत्या तारखेला? सिस्टर म्हणल्या, तारीख कोणालाच ठाऊक नाही, आणि जो तारीख सांगेल त्याच्यावर विश्वास ठेवू नका. इथं मला पुन्हा शंका आली. गाडी येणार म्हणायचं आणि टाइम सांगायचा न्हाई. पण तसं आमचं महामंडळबी काही वेगळं नव्हतं, म्हणून गप्प बसलो.

मंग उमानं तोंड उघडलं. घरात ही बाई दोन वाक्यांच्या वर बोलत न्हाई, आणि तिथं सगळ्यांसमोर म्हणली, "सिस्टर, ज्याला नावच न्हाई त्याचं काय लिहित्यात त्या पुस्तकात? त्याला हाक कशी मारत्यात?"

सिस्टरनं हातातलं बायबल मिटलं. मंग म्हणल्या, "माझी आजी म्हणायची, देव चेहऱ्यानं ओळखतो. पण शास्त्रात तसं वाक्य मला अजून सापडलं नाही, उमाताई. मी शोधतेय." उमा मान खाली घालून बसली.

माझा निष्कर्ष: उमाला नवीन नाव द्यायचं घाटतंय. जुनं नाव सुटलं आणि नवीन लागलं न्हाई तर पंचाईत, म्हणून ही चौकशी. मेरी ठेवत्यात का रूथ, बघायचं.

येताना रस्त्यात मी उमाला म्हणलं, ते मेलेले उठायचं आपल्या काही कामाचं न्हाई. आपल्यात जाळत्यात, उठायला उरतं काय? हां, बारकी लेकरं तेवढी पुरत्यात आपल्यात. आमची पहिली पोरगी अकरा दिवसांची होऊन गेली, तिला आपल्याच शेतात ठेवलं. माझे वडील आबा आणि मी गेल्तो. दुसऱ्या दिवशी बारसं होतं, हरभरे भिजत घातले होते. एकतीस वर्सं झाली त्याला. ते इथं कशाला लिहिलं माहीत न्हाई. सिस्टरकडं मोसंबीचं सरबत चांगलं होतं.

मंगळवार, ११ फेब्रुवारी

आज स्पष्ट विचारलं. म्हणलं, उमा, तुझ्या मनात काय हाय ते एकदा सांगून टाक, मी तुझा नवरा हाय, परका न्हाई. भाकरी थापता थापता म्हणली, "तुमीच म्हणला होता, पुन्हा हा विषय घरात काढायचा न्हाई. म्हणून काढत न्हाई."

कोणता विषय? मी कधी म्हणलो? जन्मात हजार विषय बंद केले असतील मी, त्यातला कोणता, हे मी कसं ध्यानात ठेवू? धर्म बदलायचा विषय तर आजवर निघालाच नव्हता. पण बाईचं डोकं बघा, स्वतः लपवायचं आणि नाव माझ्यावर.

मंगळवार, १८ फेब्रुवारी

मोठा पुरावा हाती आलाय.

काल उमा सकाळी सातला निघाली, म्हणली जालन्याला डोळे दाखवून येते. संध्याकाळी आली. चष्म्याचा नंबर विचारला तर म्हणली, तोच हाय. आज तिच्या पिशवीत दोन तिकिटं सापडली. मी पिशवी बघितली, हो, बघितली. सतरा वर्सांची सवय. अंबड ते जालना एक. जालना ते जाफराबाद दुसरं. बायकांना निम्मं तिकीट झाल्यापासून महाराष्ट्र लहान झालाय.

जाफराबादला कोण? दैवशाला आक्का. माझी थोरली बहीण. तिचं माझं बोलणं सहा वर्सं बंद हाय. तिच्या पोराच्या लग्नात सख्खा मामा मांडवात उभा असताना फेटा आधी तिच्या दिराच्या साडूला बांधला. साडूला! मी न जेवता निघून आलो. त्याच्यावर तिनं दोनदा फोन केला, मी उचलला न्हाई. अशा बाईकडं माझी बायको डोळे दाखवायला जाती.

आज दुपारी मी झोपलो असं वाटून उमानं फोन लावला. शब्द सगळे आले न्हाईत. एवढं ऐकलं, "वन्सं, तो मान तुमचाच हाय. तुमच्याशिवाय न्हाई होत. माझ्यानं होत असतं तर कवाच केलं असतं." मंग तिकडचं ऐकून घेतलं. मंग म्हणली, "त्यान्ला न्हाई सांगायचं. त्यान्ला सहन होत न्हाई."

मान म्हणजे हिस्सा, दुसरं काय. आबाच्या जमिनीत आक्काचा हिस्सा होता, तिनं तो खुशीनं सोडून दिल्ता. आता शेत विकायचं म्हणल्यावर पलटली असंल. एकीकडून सिस्टर, एकीकडून आक्का, मधी माझी बायको. तिघी मिळून मला शेतातून बाहेर काढायल्यात.

आणि मला काय सहन होत न्हाई? शुगर न्हाई, बीपी न्हाई. सगळं सहन होतं मला.

सोमवार, २४ फेब्रुवारी

निखिलचा फोन. म्हणला, पप्पा, आईला जाऊ द्या ना प्रार्थनेला, मन रमतं तिचं. मी म्हणलं, मन रमायला टीव्ही हाय. तो हसला. मला हसायला आलं न्हाई.

कपाटात माझा स्वेटर शोधताना साड्यांच्या खाली एक पांढरं कापड सापडलं. उलगडून बघितलं तर झबलं. हातानं शिवलेलं, गळ्याला हिरवी दोरी ओवलेली. मला आधी वाटलं, बाप्तिस्म्याला त्यांच्यात पांढरं घालत्यात, त्याची तयारी असंल. पण हे माझ्या तळहाताएवढं. उमाच्या काय कामाचं? निखिलचं तर अजून लग्नबी न्हाई. मंग वाटलं करणीबिरणी असंल, बाहुलीला घालायला. पण त्यांच्यात करणी चालत न्हाई, सिस्टरनंच सांगितल्तं.

एवढं बारीक कोणाला येणार. आठदहा दिवसांच्या लेकराला येईल फारतर.

घडी होती तशी घालून ठेवली. आज जास्ती लिहीत न्हाई. डोकं दुखायलंय.

गुरुवार, २७ फेब्रुवारी

ज्योत्स्ना सिस्टरकडं गेलो, उमा बाजारात असताना. आडपडदा न ठेवता विचारलं, माझ्या बायकोचा धर्म बदलायचा दिवस कोणता ठरलाय? आणि शेतावर तुमचा डोळा हाय का?

बाई चिडतील वाटलं. पण त्यांनी आधी पंखा लावला, मंग पाणी दिलं. म्हणल्या, "उमाताईंनी मला ख्रिस्ती व्हायचं कधी विचारलं नाही. मीही नाही विचारलं. त्या घरी जाऊन तुळशीला पाणी घालतात, मला माहीत आहे. शेत मी बघितलेलंसुद्धा नाही."

"मंग येत्यात कशाला?"

"त्यांना एक गोष्ट विचारायची असते. दर रविवारी तीच. मी दवाखान्यात चाळीस वर्षं काढली मच्छिंद्रराव, मरण खूप बघितलं. कर्णा वाजेल आणि माणसं उठतील, हे मी मानते. माझे मिस्टर उठतील, हे मानते. पण त्यांच्या प्रश्नाला माझ्याकडं पक्कं उत्तर नाही, आणि नसलेलं उत्तर मी देत नाही."

मी म्हणलं, प्रश्न काय हाय? बाईंनी माझ्याकडं बघितलं, आणि असं बघितलं की मला माझाच तपासणीचा युनिफॉर्म आठवला. म्हणल्या, "तो तुमच्या घरातला प्रश्न आहे. तुम्ही कधी विचारला त्यांना?"

म्हणजे तपासायला गेलो मी आणि तपासून घेतलं मलाच. त्या बाईनं एवढी वर्सं लोकांच्या दंडावरच्या नसा शोधल्या, तिला बराबर माहीत हाय सुई कुठं लावायची. येताना कोर्टापाशी एक तास बसून राह्यलो. काही काम नव्हतं.

शनिवार, ८ मार्च

हरिओम शेठचा निरोप, सोमवारी दहा तारखेला रजिस्ट्री. वकिलानं खरेदीखत तयार केलंय. परवापासून जेसीबी सांगून ठेवलाय, पाया खोदायला.

उमाला सांगितलं. वाटलं पुन्हा थांबा म्हणंल. पण म्हणली, "सोमवारी करते सही. उद्याचा दिवस फक्त माझा मला द्या."

उद्या काय? सांगत न्हाई. आत्ता पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेलो तर पातेल्यात हरभरे भिजत घातलेले. किलोभर तरी असतील. दोन माणसांच्या घरात किलोभर हरभरे.

मला झोप येत न्हाई. काही समजायलंय असं वाटतं आणि मंग ते समजायला नको असं वाटतं.

रविवार, ९ मार्च

आज जे झालं ते लिहायला हात चालत न्हाई, पण लिहितो.

उमा आठला निघाली, डबा घेऊन. मी स्कूटर काढली आणि बरंच अंतर ठेवून मागं गेलो. स्टँडवर आक्का होती, काल जाफराबादहून येऊन सिस्टरकडं मुक्कामाला थांबलेली, ज्योत्स्ना सिस्टर होत्या. तिघी रिक्षात बसल्या. रिक्षा शेताच्या रस्त्याला लागली. तिथंबी माझ्या मनात हेच की आता मोजणी करत्याल, खुणा घालत्याल.

स्कूटर रस्त्यावर लावून मी वाळलेल्या मोसंबीच्या ओळीतून चालत गेलो. तिघी लिंबाच्या झाडाखाली होत्या. उमानं एक फडकं अंथरलं, त्याच्यावर ते झबलं ठेवलं. बाजूला डबा उघडला, घुगऱ्या होत्या. सिस्टर जरा लांब उभ्या राहून डोळे मिटून होत्या. आक्काचे गुडघे गेलेत, तिला खाली बसायला उमानं धरलं. आक्का वाकली. दोन्ही हात जमिनीला टेकवले, तोंड मातीजवळ नेलं आणि म्हणली, "कुर्रर्र."

बारशात आत्या बाळाच्या कानात म्हणती तसं.

मी तिथंच उभा राह्यलो. एवढे दिवस सगळं समोर होतं. झबलं होतं, हरभरे होते, पावलं मोजणं होतं, नाव होतं. मी सतरा वर्सं माणसं ओळखली आणि माझी बायको लेकरासाठी रडायलीय हे मला ओळखू आलं न्हाई. का आलं होतं आणि मी बघितलं न्हाई. माझं मलाच कळत न्हाई.

आक्का दुसऱ्यांदा वाकली. आणि माझ्या तोंडून निघालं, "इथं न्हाई."

तिघींनी वळून बघितलं. उमाचा चेहरा असा झाला, जणू मी आता सगळं उधळून लावणार. मी म्हणलं, "इथं न्हाई ती. आबा इथंच म्हणत होते. पण लिंबाखाली मुंग्या होत्या. लाल. मी म्हणलं इथं नको, तिला चावत्याल."

उमा उठली. जवळ आली. "तुमाला ठाव हाय? जागा?"

"हाय."

"एकतीस वर्सं ठाव हाय?"

पोरगी गेली आणि उमा तापानं दवाखान्यात पडली. तिला घरी आणली तवा तिनं विचारल्तं, कुठं ठेवली. मी म्हणलो होतो, पुन्हा हा विषय घरात काढायचा न्हाई. तिसऱ्या दिवशी ड्युटीवर गेलो. मला वाटलं, न बोललं की विसरती माणसं. ती विसरली असं मी धरून चाललो, कारण मला विसरायचं होतं. आणि विसरलो कुठं? त्या शेतात पाय टाकला न्हाई एवढंच.

मी पुढं चालायला लागलो, त्या मागं. पूर्वेचा बांध, खालच्या कोपऱ्यापासून अकरा पावलं वर, बांधाला लागून. तिथं नांगर येत न्हाई आणि पाटाचं पाणी चढत न्हाई, म्हणून ती जागा मी बघितली होती. मी म्हणलं, इथं. उमा बसली. तिनं मातीवर हात ठेवला आणि एक एक विचारायला लागली. कशात गुंडाळली होती? तुझ्या हिरव्या लुगड्याच्या तुकड्यात. तोंड कुणीकडं होतं? उगवतीकडं. मीठ टाकलं होतं का? टाकलं होतं, आबांनी टाकलं, मी टाकू न्हाई शकलो. डोळे मिटलेले होते का? होते. एकतीस वर्सांचे प्रश्न तिच्याकडं तयार होते, एकामागं एक, आणि उत्तरं माझ्याकडं तयार होती. मी रडलो. आक्कासमोर, सिस्टरसमोर, रडलो.

मंग आक्का पुन्हा वाकली. चार वेळा कुर्रर्र केलं. नाव तिनं तवाच ठरवून ठेवलं होतं, पाळण्याची दोरी ओवायच्या आधी. मान आत्याचा म्हणून उमानं स्वतः कधी ठेवलं न्हाई, मनातसुद्धा न्हाई. आक्का मातीला तोंड लावून म्हणली, "कल्याणी." उमानं रिवाजाप्रमाणं आक्काच्या पाठीत बुक्क्या मारल्या. हळू मारल्या, आक्काचं वय झालंय.

सिस्टरनं काही वाचलं न्हाई, काही म्हणलं न्हाई. घुगऱ्या खाल्ल्या. निघताना मी आक्काला म्हणलं, स्कूटरवर बस मागं, स्टँडवर सोडतो. ती म्हणली, फेटा पाहिजे का आधी? मी म्हणलं, बस गप.

सोमवार, १० मार्च

सकाळी मी उमाला म्हणलं, सही नको करू. राहू दे शेत. ती म्हणली, का? मी म्हणलं, तिच्यावर गोदाम येईल, पाया येईल.

उमा वेणी घालत होती. म्हणली, "येऊ दे. मला भीती जागेची नव्हती. कर्णा वाजला, सगळ्यांच्या नावानं हाका सुरू झाल्या, आणि माझी पोरगी नाव न्हाई म्हणून तिथंच पडून राह्यली तर? ह्याची भीती होती. आता नाव हाय. हाक आली की शिमीट काय करतंय?"

मी विचारलं, हे तुला खरंच होईल असं वाटतं? ती म्हणली, "ठाव न्हाई. सिस्टरला वाटतं. आपल्यात म्हणत्यात ती कवाच दुसऱ्या कुणाच्या पोटी गेली असंल. कोणतंबी खरं असू दे. आईनं तयारी ठेवायची असती."

मला यातलं काही वाटत न्हाई. कर्णा वाजंल असं वाटत न्हाई, आणि दुसरा जन्म कोणी तपासून बघितलाय? मला एवढंच माहीत हाय की बांधाला लागून अकरा पावलांवर ती हाय.

अकराला रजिस्ट्री हापिसात गेलो. हरिओम शेठ पेढे घेऊन आल्ते. उमानं जिथं सांगितलं तिथं सह्या केल्या, अंगठे दिले. मंग माझी पाळी. मी म्हणलं, वाचून दाखवा. कागद न वाचता मी कधी सही केली न्हाई. वकील जरा वैतागून वाचायला लागला. चतुःसीमा वाचली, क्षेत्र वाचलं. मंग वाचलं, "लिहून देणार यांना निखिल हे एकच अपत्य असून त्यांना अन्य कोणीही वारस नाही."

मी म्हणलं, "ते चुकलंय."

वकील म्हणला, "काय चुकलंय?"

"एक मुलगी हाय. कल्याणी. थोरली."

हरिओम शेठ माझ्याकडं आणि उमाकडं बघत राह्यले. उमानं खुर्चीचा हात घट्ट धरला. वकील म्हणला, "हे आधी सांगायचं ना काका. आता त्यांची संमती लागेल. कुठं असतात त्या?"

"शेतातच असती," मी म्हणलं, आणि पेन टेबलावर ठेवून उठलो. उमा माझ्यामागं बाहेर आली, आणि आम्ही घरी आलो.